न पडलेल्या छाप्यांचा हिशेब

१९४० च्या एप्रिलमध्ये जॉन केरिच कोपनहेगनला सासुरवाडीला आले होते. दक्षिण आफ्रिकेत गणित शिकवणारा हा माणूस. ९ एप्रिलला जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या आणि ब्रिटिश नागरिक म्हणून केरिच यांची रवानगी जटलंडमधल्या हाल्ड इथल्या छावणीत झाली. छावणीत काम नाही, वेळ भरपूर. त्यांनी एका सोबत्याला हाताशी धरलं आणि नाणं उडवायला सुरुवात केली. दहा हजार वेळा उडवलं, आणि दर वेळी छापा पडला की काटा, ते टिपून ठेवलं. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, ही सगळी जंत्री त्यांनी पुस्तकात छापली.

पहिल्या दहा फेकींत छापे पडले ४. शंभर झाल्या तेव्हा ४४. हजाराला ५०२. पाच हजाराला २,५३३. दहा हजाराला ५,०६७.

आता हेच आकडे जरा वेगळे मांडू. बरोबर निम्म्यापेक्षा छापे किती कमी-जास्त पडले? शंभराला ६ कमी. हजाराला २ जास्त. पाच हजाराला ३३ जास्त. दहा हजाराला ६७ जास्त. म्हणजे नाणं जुनी बाकी फेडत बसलेलं नाही. शेवटी शेवटी तर ती वाढतच गेली आहे. तरीही छाप्यांचं प्रमाण मात्र ०.४० वरून निघून ०.५०६७ वर, अर्ध्याच्या अगदी शेजारी येऊन बसलं. लागोपाठ पाच छापे पडले की ‘आता काटा येणारच’ म्हणणारे पत्त्यांच्या अड्ड्यावर हमखास भेटतात. त्यांची समजूत इथे उघडी पडते. नाण्याला आठवण नसते. मागची तूट ते कधीच भरून काढत नाही. पुढच्या फेकी इतक्या होतात की ती तूट नगण्य ठरते, एवढंच.

मग हा ‘अर्धा’ नक्की राहतो कुठे? नाण्याच्या धातूत? उडवणाऱ्याच्या अंगठ्यात? की बघणाऱ्याच्या मनात, म्हणजे मला काहीच ठाऊक नाही म्हणून मी दोन्ही बाजूंना सारखा भाव देतो, इतकाच त्याचा अर्थ? प्रश्न वरवर रिकामटेकडा वाटतो. पण औषधांच्या चाचण्या, निवडणुकीचे कल, पिकांचे अंदाज, भौतिकशास्त्रातले शोध यांचे आकडे ज्या संख्याशास्त्रातून निघतात, त्याचा बराचसा डोलारा या प्रश्नाच्या एका ठरावीक उत्तरावर उभा आहे. ते उत्तर असं: अर्धा राहतो तो फेकींच्या लांबलचक रांगेत. संभाव्यता म्हणजे तीच गोष्ट पुनःपुन्हा केल्यावर दिसणारी वारंवारता, दुसरं काही नाही. असं मानणाऱ्यांना फ्रिक्वेंटिस्ट म्हणतात, मराठीत वारंवारतावादी. शाळेत आपण ज्यांच्या नावाच्या वर्तुळांच्या आकृत्या काढतो, त्या केंब्रिजच्या जॉन व्हेन यांनी १८६६ साली ‘द लॉजिक ऑफ चान्स’ या पुस्तकात हा विचार सविस्तर मांडला.

उत्तर सरळ वाटतं. पण पहिल्याच पायरीवर एक खड्डा आहे, आणि तो व्हेन यांच्याही आधीपासूनचा.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल गावचे याकोब बर्नुली १७०५ साली वारले. त्यांचा ग्रंथ आठ वर्षांनी, १७१३ मध्ये छापून आला. त्यात त्यांनी एक उदाहरण सोडवलं होतं. भांड्यात ३,००० पांढरे आणि २,००० काळे खडे आहेत. दर वेळी एक खडा काढायचा, पाहायचा, परत टाकायचा. पांढऱ्यांचं खरं प्रमाण ६० टक्के. किती वेळा काढले म्हणजे हाती आलेलं प्रमाण ५८ ते ६२ टक्क्यांच्या आत असेल, आणि तेही हजारास एक इतक्या पैजेच्या खात्रीने? बर्नुलींचं उत्तर होतं, २५,५५० वेळा. मोठ्या संख्यांचा नियम म्हणतात तो हाच. पण नीट पाहा, तो काय म्हणतो? फेकी वाढवत नेल्या तर प्रमाण खऱ्या आकड्यापासून लांब असण्याची *संभाव्यता* कमी होत जाते. संभाव्यता म्हणजे काय ते वारंवारतेतून सांगायला निघालो, वारंवारता स्थिर का होते ते या नियमावर सोपवलं, आणि नियमाच्या पोटात पुन्हा संभाव्यताच बसलेली! प्रमाण अर्ध्यावर ‘येईलच’, असं गणित कधीच म्हणत नाही. लागोपाठ दहा हजार छापे पडणं अशक्य नाही. ते फार म्हणजे फारच विरळ आहे. आणि विरळ म्हणजे किती, हे सांगायला पुन्हा तोच शब्द लागतो.

या चकव्यातून वाट काढायचा सर्वांत धीट प्रयत्न रिचर्ड फॉन मिझेस यांनी केला. माणूस मूळचा अभियांत्रिकीकडचा. विमानविद्येवर व्याख्यानं द्यायची, स्वतः विमान चालवायचं, पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी विमानाची रचनाही करायची. १९१९ साली त्यांनी टोकच उलटं धरलं. आधी संभाव्यता आणि मग रांग, असं नाही, आधी रांग. अशी एक न संपणारी रांग कल्पा, जिला त्यांनी ‘कोलेक्टिव्ह’ असं नाव दिलं. तिच्यासाठी अटी दोन. एक, छाप्यांचं प्रमाण पुढे पुढे एका ठरावीक आकड्याकडे सरकत गेलं पाहिजे. दुसरी अट फार मजेची आहे: त्या रांगेवर पैसे लावून जिंकायची कोणतीही युक्ती चालता कामा नये. दर तिसरी फेक निवडा, दोन काट्यांनंतरची फेक निवडा, कसलाही नियम लावून निवडा. निवडलेल्या फेकींतही प्रमाण तेच आलं पाहिजे. मटक्याचे जुने आकडे वहीत मांडून उद्याचा आकडा ‘काढणारे’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांची वही कधीच चालणार नाही, यालाच मिझेस यांनी यदृच्छेची (रँडमनेसची) व्याख्या करून टाकलं.

धीट कल्पनेला छिद्रं पाडणारेही लगेच आले. ‘कोणतीही’ युक्ती म्हणजे अगदी कोणतीही धरली, तर ‘जिथे छापा पडलाय तेवढ्याच फेकी निवडा’ हाही एक नियम झाला, आणि मग अशी रांग अस्तित्वातच राहत नाही. १९३७ साली अब्राहम वॉल्ड यांनी दाखवलं की युक्त्यांची यादी मोजता येण्याजोगी ठेवली तर रांगा सुखाने नांदतात. (हे वॉल्ड पुढे भारतात व्याख्यानांसाठी आले असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान अपघातात पत्नीसह गेले.) १९३९ साली फ्रान्सच्या झ्याँ व्हिल यांनी आणखी एक खोच काढली: मिझेस यांच्या सगळ्या अटी पाळणारी अशीही रांग रचता येते, जिच्यात छाप्यांचं प्रमाण शेवटी अर्ध्यावरच जातं, पण वाटेत एकदाही अर्ध्याच्या खाली उतरत नाही. असलं नाणं हातात आलं तर कुणालाही संशय येईल.

त्याहून अवघड दुखणं वेगळंच. न संपणारी रांग कुणी पाहिली आहे? रांगेची सीमा, म्हणजे प्रमाण ज्या आकड्याकडे सरकत जातं तो, तिच्या शेपटीवर ठरते. पहिल्या दहा लाख फेकींत काय पडलं याचा तिच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. म्हणजे केरिच यांच्या दहा हजार नोंदी ‘अर्धा’शी जुळतात, तशा काटेकोर तर्काने ‘एक-दशांशा’शीही जुळतात; पुढे रांग तिकडे वळली नसती कशावरून? रशियाच्या आंद्रेय कोल्मोगोरोव यांनी १९३३ साली संभाव्यतेचे नियम भूमितीसारखे स्वच्छ मांडून दिले आणि ‘अर्थ काय’ हा प्रश्न बाजूला ठेवला. गणितज्ञांची सोय झाली. पण त्यांच्या स्वतःच्या मनातून तो गेला नव्हता. तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, त्यांनी यदृच्छ आकड्यांच्या तक्त्यांवर एक लेख लिहिला आणि तो छापला कोलकात्याहून निघणाऱ्या ‘संख्या’ या संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या नियतकालिकात. प्रत्यक्ष जगात संभाव्यता वापरायची तर पाया मिझेस म्हणतात तसा वारंवारतेचाच, हे त्यांनी तिथे मान्य केलं. फक्त अनंताची सीमा उपयोगाची नाही, कारण माणसाच्या हाती नेहमी मोजक्याच फेकी असतात, असंही बजावलं. यदृच्छा म्हणजे ज्या यादीला तिच्याहून आखूड वर्णनच सापडत नाही ती, हा पुढे गाजलेला विचार याच काळात आकाराला आला.

वारंवारतावादाची किंमत किती, हे मिझेस यांनी लपवलं नाही. चाळिशीच्या विमाधारक पुरुषांपैकी वर्षभरात किती दगावतात, याचा आकडा त्यांनी उदाहरणादाखल दिला: ०.०११. आणि लगेच सांगून टाकलं की हा आकडा त्या गटाचा आहे. त्यातल्या एखाद्या माणसाची मरणाची संभाव्यता विचाराल, तर त्या प्रश्नाला अर्थच नाही. कारण तो माणूस एकाच वेळी अनेक रांगांत उभा असतो: चाळिशीतल्या पुरुषांच्या, विडी ओढणाऱ्यांच्या, डोंगराळ गावात राहणाऱ्यांच्या, आई-वडील दीर्घायुषी असणाऱ्यांच्या. प्रत्येक रांगेचा आकडा वेगळा. त्याचा स्वतःचा कोणता? कुठलाच नाही.

हे फार कोरडं, पुस्तकी वाटत असेल तर खरीप निघताना एखाद्या शिवारात पीक कापणी प्रयोग पाहावा. गावातली मोजकी शेतं यदृच्छ पद्धतीने निवडलेली असतात. निवडलेल्या शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहून, आधीच काढलेल्या यदृच्छ आकड्यांप्रमाणे लांबीकडे इतकी आणि रुंदीकडे इतकी पावलं टाकायची, तिथे खुंटी ठोकायची, बऱ्याच पिकांसाठी १० मीटर बाय ५ मीटरचा चौकोन दोरीने आखायचा आणि आतलं पीक कापून, मळून, तोलायचं. पीक कुठे चांगलं दिसतंय ते पाहून खुंटी सरकवायची नाही, अगदी शेताच्या मालकाने हात जोडले तरी नाही. गावोगावच्या सगळ्या चौकोनांची सरासरी म्हणजे त्या महसूल मंडळाचं उत्पन्न. पद्धत म्हणून तिच्यात खोट नाही: असेच चौकोन पुनःपुन्हा आखले, तर सरासरी खऱ्या उत्पन्नाभोवतीच घुटमळेल. पण ज्याच्या वावरात पाणी साचून सोयाबीन कुजलं आणि मंडळाची सरासरी मात्र बरी आली, त्याच्या शेताबद्दल या आकड्याला काहीही म्हणायचं नसतं. तो चुकलेला नसतो. त्या शेतकऱ्याला उद्देशून तो बोलतच नसतो.

या पीक कापणीच्या शास्त्राला भारतात आकार देणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. जन्म १९११, गाव सातारा जिल्ह्यातलं बुध, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९३३ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले आणि नेमक्या धगधगत्या काळात पोचले. एकाच इमारतीत एका मजल्यावर संख्याशास्त्रातले दिग्गज रोनाल्ड फिशर, दुसऱ्या मजल्यावर ईगॉन पिअरसन, आणि १९३४ पासून पिअरसन यांच्या विभागात पोलंडहून आलेले येर्झी नेमन. १९३५ च्या मार्चमध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत नेमन यांनी शेतीच्या प्रयोगांवर निबंध वाचला, फिशर यांनी त्यावर बोचरी टीका केली, आणि तिथून दोघांचं जे फाटलं ते कायमचं.

भांडण अहंकाराचं होतंच, पण त्यातला खरा मुद्दा तत्त्वज्ञानाचा होता. प्रयोगाचे आकडे हाती आल्यावर आपण नक्की काय मिळवतो? फिशर म्हणत, पुरावा. नल हायपोथिसिस, म्हणजे ‘इथे काहीच घडलेलं नाही’ हे गृहीतक, खरं मानून पाहायचं की इतके किंवा याहून टोकाचे आकडे किती विरळ आले असते. तो विरळपणा म्हणजे पी-व्हॅल्यू, आणि तो जितका लहान तितका त्या गृहीतकाविरुद्धचा पुरावा भक्कम. नेमन यांनी त्याहून विलक्षण गोष्ट सांगितली. आकड्यांवरून सत्य ‘अनुमानता’ येतं, हेच त्यांना मान्य नव्हतं. आपण फक्त वागण्याचा नियम ठरवू शकतो: असे आकडे आले तर औषध स्वीकारा, तसे आले तर नाकारा. नियम असा निवडा की आयुष्यभर तो पाळला तर शंभरात पाचांहून जास्त वेळा एका प्रकारची चूक होणार नाही आणि दुसऱ्या प्रकारची चूकही शक्य तितकी कमी होईल. या विशिष्ट वेळी तुम्ही बरोबर आहात की चूक? नेमन यांचं त्यावर काहीच म्हणणं नाही. आणि पुनरावृत्ती एकाच प्रयोगाची हवी असंही नाही. आज बियाणं, उद्या लस, परवा दिव्यांचं आयुष्य. वेगवेगळ्या प्रश्नांची सगळी मिळून एक रांग, आणि हमी त्या सगळ्या रांगेला.

निवडणुकीच्या आधी येणारा ‘अधिक-उणे ३ टक्के’ याच घराण्यातला. खऱ्या अर्थाने यदृच्छ निवडलेले १,०६७ मतदार पुरतात. मग प्रश्न अख्ख्या महाराष्ट्राचा असो की कोल्हापूर शहराचा, संख्या जवळपास तेवढीच. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा विश्वास बसत नाही. पण त्यामागची ‘९५ टक्के खात्री’ कशाची? वाचणारा समजतो, खरं प्रमाण या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के. नेमन म्हणतील: छे! खरं प्रमाण एक ठरलेला आकडा आहे. तो या पट्ट्यात आहे किंवा नाही. ९५ हा आकडा पट्टा काढण्याच्या पद्धतीचा, हातातल्या पट्ट्याचा नव्हे.

हा फरक किती खोल आहे, ते एका छोट्या खेळात दिसतं. कुणीतरी मनात एक पूर्णांक धरलाय, समजा ५०. एक यंत्र तुम्हाला दोनदा आकडा सांगतं, आणि दर वेळी ते खऱ्यापेक्षा एकाने जास्त किंवा एकाने कमी सांगतं, दोन्हींची शक्यता सारखी. तुमचा नियम असा: दोन आकडे वेगळे आले तर मधला सांगायचा, सारखे आले तर त्यातून एक वजा करून सांगायचा. शक्यता चारच. ४९ आणि ५१: तुम्ही ५० सांगता, बरोबर. ५१ आणि ४९: तेच, बरोबर. ५१ आणि ५१: ५० सांगता, बरोबर. ४९ आणि ४९: ४८ सांगता, चूक. चारांत तीन, म्हणजे पद्धतीची खात्री ७५ टक्के, आणि खरा आकडा ५० च्या जागी दुसरा कोणताही असला तरी तेवढीच. आता तुमच्यासमोर ४९ आणि ५१ आले आहेत. तुम्हाला उत्तर पक्कं माहीत आहे! १०० टक्के. तरी नियमाच्या कपाळावर लिहिलंय, ७५. आणि ५१-५१ आले, तर खरा आकडा ५० असेल किंवा ५२. तुमची खात्री नाणेफेकीइतकीच, तरी कपाळावर तेच ७५. हा आकडा खोटा नाही. पण तो तुमच्या हातातल्या चिठ्ठीचा नव्हे, न आलेल्या चिठ्ठ्यांसह साऱ्या चिठ्ठ्यांचा आहे. फिशर यांचा एक आक्षेप साधारण याच धर्तीचा होता: समोरच्या आकड्यांनीच तुम्ही कुठल्या उपगटात आहात ते सांगितलं असेल, तर सगळ्या गटाची सरासरी माझ्या तोंडावर का मारता?

न घडलेल्या गोष्टींचा हा हिशेब आणखी एके ठिकाणी डोकं चक्रावून टाकतो. एका कागदावर बारा फेकी लिहिल्या आहेत: ९ छापे, ३ काटे, शेवटची फेक काटा. नाणं छाप्याकडे झुकलेलं आहे का? कागद घेऊन दोघी आल्या आहेत. पहिली म्हणते, मी बारा वेळाच उडवायचं ठरवलं होतं. तर मग साधं नाणं बारा फेकींत ९ किंवा जास्त छापे कितीदा देईल, ते मोजायचं: ४,०९६ पैकी २९९, म्हणजे ०.०७३. नेहमीच्या ०.०५ च्या रेषेच्या वर; पुरावा पुरेसा नाही. दुसरी म्हणते, मी तिसरा काटा पडेपर्यंत उडवणार होते. मग मोजायचं ते वेगळं: तिसरा काटा पडायला बारा किंवा जास्त फेकी कितीदा लागतील? २,०४८ पैकी ६७, म्हणजे ०.०३३. रेषेच्या खाली, शोध लागला! नाणं तेच, फेकी त्याच, कागद तोच. बदललं काय, तर जे घडलंच नाही त्याबद्दलचं त्यांच्या मनातलं ठरवणं. आणि तिसरी कुणी म्हणाली की ‘चहा आला म्हणून थांबले’, तर काटेकोर वारंवारतावाद्याने आधी चहा कधी कधी येतो याची नोंद मागायला हवी.

केंब्रिजचे हॅरोल्ड जेफ्रीज भूभौतिकशास्त्राकडचे; भूकंपाच्या लहरींवर त्यांनी मोठं काम केलं. १९३९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी नेमकं याच दुखऱ्या जागी बोट ठेवलं: जे निरीक्षण आलंच नाही ते आधी वर्तवता आलं नाही म्हणून एखादं खरं असू शकणारं गृहीतक फेटाळायचं, ही कुठली रीत? त्यांचा मार्ग दुसरा, बेझ आणि लाप्लास या जुन्या गणितज्ञांचा. संभाव्यता म्हणजे उपलब्ध माहितीवरून कशावर किती विश्वास ठेवावा याचं माप; त्यामुळे एका माणसाच्या, एका शेताच्या, एका निवडणुकीच्या संभाव्यतेबद्दल बेधडक बोलता येतं. फक्त आकडे पाहण्याआधी तुमचा विश्वास किती होता, ते सांगावं लागतं, आणि तिथे मग दुसरं भांडण सुरू होतं. याच जेफ्रीज यांच्याकडे १९४० च्या दशकात कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी डॉक्टरेट केली आणि पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभारला. सातारा आणि कोल्हापूर या मराठ्यांच्या दोन गाद्यांची आठवण होणं साहजिक आहे. सातारकर सुखात्मे नेमन यांच्या गोटात शिकले, कोल्हापूरकर हुजूरबाजार जेफ्रीज यांच्या. मात्र हे भांडण त्या दोघांचं नव्हतं.

वारंवारतावादी जे बोलायला नकार देतात, नेमकं तेच आपण त्यांच्या तोंडी घालतो. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज कणासारखा नवा कण सापडल्याचं जाहीर केलं. पुरावा ‘पाच सिग्मा’चा होता: असा कण नसताच, तर इतका मोठा उंचवटा निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. अनेक बातम्यांनी ते उलटं करून छापलं: कण नसण्याची शक्यता ३५ लाखांत एक. ऐकायला एकच वाटतं, पण तसं नाही. पंढरीच्या वारीत चालणारा माणूस मराठी बोलणारा असण्याची शक्यता भरभक्कम असते. मराठी बोलणारा माणूस वारीत चालणारा असण्याची शक्यता त्यामानाने किरकोळ. संख्याशास्त्रज्ञांची अमेरिकन संघटना २०१६ साली पी-व्हॅल्यूवर खास निवेदन काढून जे सांगत होती, त्यातही हे होतंच: गृहीतक खरं असण्याची शक्यता पी-व्हॅल्यू मोजत नाही.

मग एवढं सगळं ऐकून हा पंथ टाकून द्यायचा का? मला तसं वाटत नाही. ज्याच्या टेबलावर वर्षाला शेकडो औषधांचे अर्ज येतात, त्याच्यासाठी नेमन यांची पद्धत उत्तम आहे. तिथे खरोखरच लांबलचक रांग असते, आणि कंपनीचा ‘आधीचा विश्वास’ ऐकून घेण्यापेक्षा चुकांचं प्रमाण बांधून घेणं शहाणपणाचं. रुग्ण एकटा असतो, त्याला आजार एकदाच होतो; त्याच्या प्रश्नाला जेफ्रीज यांची भाषा जवळची. गोंधळ होतो तो एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला चिकटवल्यावर. आणि त्या बारा फेकींच्या कागदाबद्दल म्हणाल, तर पूर्वी ती मला वारंवारतावाद्यांची सर्वांत हास्यास्पद बाजू वाटे. आता तीच सर्वांत व्यवहारी वाटते. थांबायचं कधी हे आकडे पाहत पाहत ठरवणाऱ्याला हवा तो निष्कर्ष काढता येतो; म्हणून मनातलं ठरवणं आधीच कागदावर मागून घ्यायचं.

आपल्याकडे ते आता कायद्याने मागितलं जातं. भारतात माणसांवर होणाऱ्या औषधाच्या चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ इथे, पहिला रुग्ण घेण्याआधी, करणं १५ जून २००९ पासून सक्तीचं आहे. किती रुग्ण घेणार, काय मोजणार, हे तिथे आधी लिहावं लागतं. ही नोंदवही संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. एखाद्या नव्या औषधाच्या यशाची बातमी वाचलीत, तर तिथे जाऊन त्याची नोंद शोधा आणि ठरलं काय होतं ते बातमीशी ताडून बघा.